बावीस राजीनामे

आई, तुला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांनी तुला लिहायला बसले आहे ते काही सुखदुःखाच्या गप्पा मारायला नाही. तुझं एक वाक्य मी इथे बहारीनमध्ये बावीस बायकांवर वापरलं आणि त्यांचं नुकसान केलं. ते वाक्य तू मला चिंचवडच्या आपल्या स्वयंपाकघरात शिकवलं होतंस. मी तेव्हा सातवीत होते.

ट्यूबलाइटचा माल बाहेरच्या देशातून स्वस्तात येऊ लागला आणि तुझा कारखाना बंद झाला. तू घरी आलीस, पॅकिंग खात्यातला पांढरा अ‍ॅप्रन धुऊन वाळवलास आणि दुसऱ्या दिवशी त्याची दळणाची पिशवी शिवून टाकलीस. शेजारच्या काकूंनी जिन्यात मला विचारलं, तेव्हा मी आगाऊपणे सांगून मोकळी झाले, की आईला कामावरून काढलं. तू दारातून ऐकलंस. मला दंडाला धरून आत नेलंस. कुकरच्या शिट्ट्या होत आहेत, तू गॅस बारीक करतेस आणि आवाज जराही न चढवता म्हणतेस, "काढलं नाही म्हणायचं. सोडलं म्हणायचं. माणसाला काही इज्जत असते की नाही?" त्या दिवसापासून आपल्या घरापुरती तू नोकरी सोडलेली होतीस.

पुढे महिन्याभरानं मावशी आली. मी गणितं सोडवायचं नाटक करत बसले होते आणि तू तिला हळू आवाजात सांगत होतीस, "साहेब म्हणाले, राजीनामा लिहून द्या, तुमचं नाव चांगलं राहील. मी बावळट, दिला लिहून. ज्यांनी दिला नाही त्या लेबर ऑफिसात गेल्या, त्यांना भरपाई मिळाली. मी बसले चांगलं नाव घेऊन." तू तेव्हा रडली नाहीस, उलट हसलीस. म्हणजे ते वाक्य आणि त्याची किंमत, दोन्ही मला माहीत होतं. अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय मला नाही.

इथे सित्र्यातल्या कपड्यांच्या कारखान्यात मी माणसांचे कागद सांभाळते. कोणाचा व्हिसा, कोणाची रजा, कोणाची शिफ्ट. परदेशी दुकानांसाठी आम्ही पँटी शिवत होतो. यंदा मालकांनी सगळं काम दुसऱ्या देशात हलवायचं ठरवलं, तिथे मजुरी कमी आहे. आपल्याकडच्या आणि बांगलादेशातल्या कामगारांना तिकिटं काढून दिली. राहिल्या या बावीस, इथल्याच बहारिनी बायका. नोकरी मालकाकडून गेली तर इथलं सरकार त्यांना दुसरं काम मिळेपर्यंत काही महिने पगाराचा वाटा देतं. आपणहून सोडली तर नाही. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "सगळ्यांचे राजीनामे घे. काढलं म्हटलं की मिनिस्ट्री शंभर प्रश्न विचारते." मी काय म्हणाले असेन? "हो सर" म्हणाले. मला रिफा शहरातल्या कंपनीच्या ऑफिसात ठेवणार होते. लेक बारावीत आहे, त्याचा आणि माझा व्हिसा कंपनीच्याच हातात. ही कारणं खरी आहेत, पण त्यानं लाज कमी होत नाही.

त्या बावीसजणींना मी कँटीनमध्ये बसवलं. छापील कागद पुढे ठेवले. कोणी पेन उचलेना. तेव्हा मी कारखान्यात सगळ्यांशी चालते त्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "निकाला लिखेगा तो घर में, दूसरी कंपनी में, अच्छा नहीं दिखता. खुद छोड़ा बोलो. इज्जत रहती है." खिशांच्या लाइनची प्रमुख, हमद टाउनची, सोळा वर्षं त्याच मशीनवर बसलेली, माझ्याकडे बघत राहिली. रमझानमध्ये माझ्यासाठी बिनमटणाचं आठवणीनं वेगळ्या डब्यात आणायची ती हीच. तिनं बाकीच्यांना अरबीत काहीतरी समजावलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सिस्टर सच बोलता है," आणि पहिली सही केली. तिच्यामागून बाकीच्यांनी केल्या. पाऊण तासात काम उरकलं. साहेबांनी माझं कौतुक केलं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी बरंही वाटलं.

गेल्या आठवड्यात ती लाइनप्रमुख रिफाला आली. बस बदलून, उन्हातून. मी पाणी दिलं. ती म्हणाली, "सिस्टर, मिनिस्ट्री बोला मफी. तुम खुद छोड़ा, पैसा मफी." मफी म्हणजे इथल्या बोलीत 'नाही'. मग ग्लास खाली ठेवून, "तुमको मालूम था?"

"नहीं," मी म्हणाले. तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, आई.

तिनं मान हलवली. तिला ते पटलं, हेच मला सोसवत नाही. ती म्हणाली, "खलास, गलती हो गया. तुम एक लेटर दो. दो लाइन. फॅक्टरी बंद हुआ, कंपनी ने साइन माँगा. बस. सब लेडीज का काम हो जाएगा, इंशाल्ला." मी म्हणाले, साहेबांना विचारते. जाताना तिनंच माझ्या खांद्यावर थोपटलं, जणू अडचणीत मी होते.

साहेबांना मी विचारलेलं नाही. ते काय म्हणतील हे मला ठाऊक आहे, आणि एकदा नाही म्हणाले की मग मला ठरवावं लागेल. दोनदा तिचा फोन आला, मी उचलला नाही. तुझ्यावर मला राग यायचा, की तू त्या साहेबांच्या तोंडावर कधी बोलली नाहीस. आता त्या साहेबांच्या खुर्चीत मीच आहे, आणि त्यांच्याही घरी कोणीतरी बारावीत असेल, एवढं मात्र मला कळलं आहे. ते कळून तुझा काही फायदा नाही.

लेक मघाशी डोकावून गेला. "हू आर यू रायटिंग टू?" म्हणाला. तुला, असं म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, काय लिहितेस. मी म्हणाले, ऑफिसचं काम आहे.

खरं तर ऑफिसचंच काम करायला बसले होते. तिच्या पत्रासाठी कंपनीचे कोरे कागद पुढ्यात घेतले होते, त्यांवरच हे लिहीत गेले. तिनं माझ्याकडे दोनच ओळी मागितल्या होत्या. तुला मी चार पानं लिहिली.