पिंपळीचा वेल आणि खालचे टिपणीस

५ जून १९९४, रविवार
दिल्लीत आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सुटलं, पटपडगंजला स्वतःचा फ्लॅट झाला आणि खोकला लागला. डॉक्टर म्हणतो, सिगरेटमुळे. गाढव आहे. जमनापारची, यमुनेपलीकडची धूळ आहे ही. त्याचं सिरप बेसिनमध्ये ओतलं.
१४ जानेवारीला काला अंबला, पानिपतच्या युद्धस्मारकापाशी, वीरांना वंदन करताना मुख्य भाषण माझं. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले, गळ्यानं दगा दिला तर टिपणीस बोलतील. टिपणीस म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे, रेल्वेतून रिटायर झालेले. माझ्यापेक्षा जास्त खोकतात. मी मेलो तरी त्या माणसाच्या हाती माइक जाऊ देणार नाही.

१९ जून
मेहुणा जयदीप आंबोलीहून पिंपळीचा वेल घेऊन आला. खास सदाहरित जंगलातला. फळं वाळवून, कुटून मधातून घेतली की खोकला पळालाच. अट एकच, दाट सावली आणि सतत ओल. इथे लू, भाजून काढणारा उष्ण वारा, चालू आहे. कूलर उलटा फिरवून बाल्कनीकडे लावला. जंगल तयार! चंद्रप्रभा म्हणाली, अच्छा, आणि आम्ही उकडून मरायचं? बायकोला दूरदृष्टी नाही.

३ जुलै
टिपणीस वर आले. तुमचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतं, म्हणे. सांगितलं, जंगल आहे, गळणारच. ते गेल्यावर आणखी एक बादली ओतली. वेलाला पाणी, टिपणिसांच्या बनियनला आंघोळ.

२१ ऑगस्ट
सिगरेट सोडली. घरातली. बाल्कनीत ओढतो, झाडांना कार्बन डायॉक्साइड लागतो. राख कुंडीत, खत म्हणून. कुंडीत दोनच पानं, तीही पिवळी. बाकी वेल कठड्यावरून खाली गेलाय. मुळाशी ताकद साठवत असणार. खाली वाकून बघत नाही. टिपणिसांना वाटेल, मी त्यांच्या घरात डोकावतोय.

२३ ऑक्टोबर
टिपणिसांची तक्रार बंद! घाबरले. शिवाय हेमलताबाई, म्हणजे मिसेस टिपणीस, जिन्यात चंद्रप्रभाला म्हणाल्या, पाणी असंच चालू ठेवा हं. काय टोमणा! आजपासून तीन बादल्या.

११ डिसेंबर
कुंडीत फक्त काडी. हिवाळ्यात वेल विश्रांती घेतो, असा माझा अंदाज. फळ एकही नाही. खोकून बरगड्या दुखतात. भाषण मात्र तोंडपाठ. चंद्रप्रभा म्हणाली, डॉक्टरकडे चला. म्हटलं, बिल्कुल नाही.
खालून महिनाभर खोकला ऐकू येत नाही. टिपणिसांनी अंथरूण धरलं असावं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१४ जानेवारी १९९५
काला अंब. धुकं. सगळं मंडळ बसनं आलं होतं. टिपणीसही. ठणठणीत.
उभा राहिलो. ‘बंधुभगिनींनो’ झालं आणि खोकला सुरू. थांबेना. अण्णासाहेबांनी मला पाणी दिलं आणि माइक टिपणिसांना.
पाऊण तास बोलला तो माणूस. आवाज खणखणीत. बायका डोळे पुसत होत्या. शेवटी आभार मानले, कोणाचे, तर माझे! वरच्या मजल्यावरून न चुकता पाणी घालून त्यांच्या बाल्कनीत पिंपळी पिकवली म्हणून. म्हणे, वेल आमच्या ग्रिलवर असा पसरलाय की ऊन आत येत नाही. म्हणे, त्या फळांनीच हा गळा सुटला. टाळ्या. चांगलंच सुनावायचं होतं. तोंड उघडलं, खोकला आला.
परतताना हेमलताबाईंनी चंद्रप्रभाच्या हातात पिंपळीची पुडी दिली. घरी येऊन मधातून घेतली. नाइलाज म्हणून. तासाभरात खोकला जरा बसला. आवाज फुटला. लाज वाटली, रडू आलं, पण आवाज फुटला. चंद्रप्रभाला म्हटलं, भाषण तयार आहे, ऐकतेस?
ती म्हणाली, आधी बाल्कनीत पाणी घाला. खाली वाट बघत असतील.
घातलं. तीन बादल्या.