आठच्या आतला शब्द

९ मार्च, रविवार दुपार

प्रिय टिंब्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं, फोटोही पोचले. पिल्लाला पुढचे दोन दात आलेले दिसतात, आता बोटं सांभाळा. इकडे सगळं ठीक. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा तेच जास्त कुरकुरतात. लॅबमध्ये नवीन मशीन आलंय. रक्ताच्या नळ्या आता तेच फिरवतं, मी नुसती लेबलं तपासते.

उत्तराला सहा आठवडे लावले. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण वेळ ढीगभर होता.

बाबांना जाऊन वर्ष होईल तेव्हा तू येणार. छापखान्याच्या वाचनालयात त्यांच्या नावाने बाक ठेवणार, त्यावर त्यांचा शेवटचा शब्द कोरून घेणार. नमुन्यासाठी त्या दिवशीचं कोडं, त्यांच्या हातचं, तू माझ्याकडे मागितलंस. टिंब्या, तो कागद हरवला नाही. तो नव्हताच.

मला पहिल्यापासून लिहू दे. तुला माहीत असलेलंही लिहिणार आहे, नाहीतर मी मधूनच पळ काढीन.

तू लग्न करून मग कळवलंस आणि बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. चार वर्षं. तूही तसलाच, नाकावर राग घेऊन जन्मलेला. पण पेपरातल्या नऊ अक्षरांच्या कोड्याने तुम्हा दोघांना धरून ठेवलं. आपल्या घरचा नियम: चौकटीतल्या नऊ अक्षरांतून एक शब्द करायचा, इंग्रजी, बरोबर सहा अक्षरांचा आणि चौकटीतलं मधलं अक्षर त्यात हवंच. सकाळी साडेसातला बाबा मला फोन करायचे. आधी खोकायचे, मग म्हणायचे, "लिही." एकेक अक्षर सांगायचे, जन्मभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. "कळव त्याला," म्हणून फोन ठेवायचे. मी तुला टाइप करून पाठवायची, तू त्याच नऊ अक्षरांतून आपला शब्द पाठवायचास, तो मी संध्याकाळी त्यांना सांगायची. आणि आठपर्यंत बाबांचा शब्द आला नाही, तर खालच्या शिंपीकाकांना फोन करायचा. किल्ली त्यांच्याकडे असायची. हे तूच ठरवलं होतंस.

आदल्या संध्याकाळी मी बाबांशी भांडले. लॅबमधून दमून आले होते. ते म्हणाले, "त्याचा शब्द नीट ऐकू आला नाही, परत सांग." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "मी काय पोस्टमन आहे तुमची? तोंडं दिली आहेत ना देवाने? उद्यापासून तुम्हीच करा त्याला फोन." ते "बरं" म्हणाले. एवढंच.

सकाळी साडेसात झाले, पावणेआठ झाले, फोन नाही. मला वाटलं, रुसले. याआधी दोनदा रुसले होते, आठवतं? तू तिकडून घाबरून सगळ्यांना उठवलं होतंस, शिंपीकाका दार उघडून आत गेले तर बाबा मजेत दाढी करत होते. वर तू मलाच झापलंस. म्हटलं, तो तमाशा आता पुन्हा नको. त्या दिवशी लॅबची तपासणी होती, मला लवकर निघायचं होतं. पेपर ओढला. मधे डी. स्पायडर दिसला, स्प्रेड दिसला, पाँडर दिसला. बाबा असले सोपे शब्द पाठवत नाहीत, तुला लगेच शंका आली असती. मग पार्डन दिसला.

तोही सोपाच. पण मला ठाऊक होतं, तो वाचून तू दुसरं काही बघणार नाहीस. एकदाचं मिटेल तुमचं आणि मी सुटेन, असं वाटलं. सात छप्पन्नला पाठवला.

तुझं उत्तर आलं: "बाबांनी माफ केलं, ताई!" शब्दही पाठवला नाहीस. मी ते वाचलं आणि लॅबला गेले.

दुपारी दीडला त्यांच्याकडे गेले. दाराबाहेर पेपर तसाच पडलेला. बाबा आतल्या खोलीत पलंगाशेजारी, जमिनीवर. डॉक्टर म्हणाले, सातच्या सुमाराला पडले असावेत. सकाळीच आणलं असतं तर वाचले असते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." मी चिडले त्यांच्यावर, सांगा म्हटलं. त्यांनी नाही सांगितलं.

आठला मी शिंपीकाकांना फोन केला असता. नाहीतर तू केला असतास. आपण दोघं होतो टिंब्या, आणि मी एका शब्दाने दोघांनाही गप्प केलं.

भूतबीत मी मानत नाही, तुला माहीत आहे. तरी साडेसातला ओट्यापाशी उभी असते आणि मागे खोकला ऐकू येतो. मग, "लिही." वळून बघत नाही. नळ्यांवरच्या लेबलांवर, दुकानांच्या पाट्यांवर डोळे आपोआप सहा अक्षरं वेचतात, त्यात पार्डन बसत नसला तरी मी बसवत राहते. तुझे भावोजी म्हणतात, हवापालट कर. त्यांनाही यातलं काही माहीत नाही.

आणखी एक आहे. 

फोन त्यांच्या मुठीत होता. बटण दाबलं, उजेड आला. पडद्यावर तुझा नंबर होता, शेवटचे तीन आकडे राहिलेले. त्या फोनमध्ये तुझा नंबर साठवलेलाच नव्हता. म्हणजे चार वर्षं तो त्यांना पाठ होता. मी सांगितलं म्हणून करत होते, की पडल्यावर मदतीला, की नुसतं बोलायला, मला कळायला मार्ग नाही. शिंपीकाका जिन्यात आले तशी मी लाल बटण दाबलं आणि आकडे पुसले. तू विचारलं असतंस, सकाळी तुझ्याकडे शब्द दिला, मग माझा नंबर अर्धाच लावलेला कसा.

आता याला पुरावा काही नाही. मी सांगते म्हणून तू खरं मानायचं, आणि सांगणारी मी, बाबांच्या तोंडी शब्द घालणारी. नाही मानलंस तर मी काय म्हणणार?

बाकावर तो शब्द कोरू नकोस. नुसतं नाव घाल. त्यांनी माफ केलं होतं की नाही ते मला माहीत नाही, पण त्या सकाळी ते तुलाच फोन लावत होते, मला नाही.

एकदा बाबांच्या नावाने तुला लिहिलं. हे माझ्या नावाने.

ताई