धबधब्याच्या वाटेवर तुह्या जागी

खेमभिया,

पुसदचे मास्तर दहा पोरी घेऊन सकाळीच तांड्यावर आले. "धबधब्याची वाट दाखवणारा खेमसिंग कुठं हाय?" म्हणाले. तुह्या पायाचं सांगतलं, तर माघारी निघाले. पोरींचे चेहरे पाहून मले राहवलं नाही. मीच त्यायले घेऊन जाऊन राह्यली. तू घसरला त्या डोहाकडं नेणार नाही, खालच्या उथळ पाण्यातच खेळू देईन.

"पुढच्या रविवारी खेमसिंग येईल काय?" मास्तरांनी विचारलं. तुले न विचारता मी हो म्हटलं. वैद्यानं पाय बरा झाला म्हणून सांगतल्याले दोन महिने झाले, अन् तू अजून आंगणाबाहेर गेला नाही. भाकर टोपल्यात हाय. माह्यावर रागवायचं असेल तर दिवस कलल्यावर नाल्यावरच्या मोहाच्या झाडापर्यंत चालत ये, अन् तिथंच रागव.

तुही बहीण,
मोती