कानिफदादाचं धाडस

कोल्हार,
१२ डिसेंबर १९७२

चि. गोरक्ष भावजींस चांगुणाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दुष्काळामुळे गावात विहिरी खोल करणं चाललंय, आणि सुरुंगाची वात पेटवायला तुमचे भाऊ उतरतात! सडक ओलांडताना दहादा बघणारा माणूस! परवा वात पेटवून हे खालीच हसत बसले. लोकांनी दोराने ओढून काढलं आणि वर फेटा बांधून नारळ दिला. मीही मिरवले. आता मात्र काळजी वाटते. सकाळी यांचं डोकं दुखतं. काल चुलीवर दूध करपलं, हे शेजारीच बसलेले, यांना वासच नाही. तुम्ही डॉक्टरकी शिकताय म्हणून विचारते.

माया आहेच, ती वाढवावी.
चांगुणा

पुणे,
३ जानेवारी १९७३

ती. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

दादाला घेऊन आलो ते बरं झालं. त्याच्या कपाळामागे लिंबाएवढी गाठ आहे. वास तिनेच घालवला. आमचे सर म्हणाले, फायदा किती नि धोका किती हे तोलणारी जागाही तिथेच असते. वहिनी, मी थक्क झालो. दादाचा जन्मभराचा जपून वागण्याचा स्वभाव चार बोटं जागेत राहत होता! आणि मी त्याला भित्रा म्हणून चिडवत आलो. गावाने नारळ दिला तो आजाराला.

ऑपरेशनमध्ये जीव जाऊ शकतो; न केल्यास आधी नजर जाईल. दादाला सांगितलं, तर हसत म्हणाला, आत्ताच करा. सर म्हणतात, हा होकार धरता येणार नाही, तोलणारा काटाच बिघडलाय. तुम्हीच ठरवायचंय.

आपला,
गोरक्ष

कोल्हार,
८ जानेवारी १९७३

चि. गोरक्ष भावजींस आशीर्वाद.

जत्रेतल्या पाळण्यात बसायची माझी छाती नाही, आणि हे मी ठरवायचं! तीन दिवस घास उतरला नाही. करा ऑपरेशन. मला भीती वाटतेय, म्हणून माझा होकार तरी खरा धरा.

चांगुणा

पुणे,
२६ जानेवारी १९७३

ती. वहिनींस शि. सा. न. वि. वि.

तारेत इतकंच कळवलं होतं की दादा सुखरूप आहे. वास परत येणार नाही म्हणतात. बोलतो, जेवतो, पण स्वभावाने कसा झालाय ते आम्हाला कळत नव्हतं. काल नर्स टाके काढायला आली, तर त्याने चादर डोक्यावर ओढली. आतूनच विचारत होता, लई दुखंल का, आन् चांगुणा कवा येनार हाय. सगळा वॉर्ड हसला. मी व्हरांड्यात जाऊन पोटभर रडलो.

वहिनी, पहिल्या गाडीने या. दादा भितोय.

आहे तो लोभ असाच राहू द्यावा.
गोरक्ष