उन्हाने चढलेलं पाणी

अलास्का, १४ जुलै १९८४

प्रिय लतिका,

आज सकाळी आठ वाजता "ऊन पडलंय, पाणी कशाला वाढेल?" असं मी तोडून बोललो, आणि तिथेच सगळं फिरलं.

तुझा विनयदादा काल न्यू जर्सीहून पोचला. मला परत न्यायला. नदी मोजणाऱ्यांच्या कॅम्पातली ही माझी लाकडी खोली बघून आज सकाळी म्हणाला, "यार प्रसन्न, इंजिनिअरिंग अर्धवट सोडून नदीत रोवलेल्या पट्टीवरचे आकडे वाचतोस?" मी भडकलो. त्याने तुझं पत्र पुढे केलं, तर नको म्हणालो. त्याने ते खिशात कोंबलं आणि समोरच्या गोट्यांच्या बेटावर फोटो काढायला निघाला. पाणी वाढणार नाही ना, एवढं मात्र विचारलं.

आपल्याकडे नदी पावसाने चढते. तेच डोक्यात! मी आल्यापासून तीन आठवडे इथे नुसतं आभाळ आणि गारठा, पट्टीवर रोज दोन फूट. आज पहिल्यांदा कडक ऊन. आणि ही नदी हिमनदीच्या पोटातून येते गं, ऊन तापलं की बर्फ वितळून फुगते. दरी बर्फानेच खरवडलेली, परातीसारखी सपाट. तिच्यात नदी सुटलेल्या वेणीसारखी पेडापेडांनी वाहते. सकाळी तो गुडघाभर पाण्यातून गेला. दुपारी सगळे पेड एक झाले. पाण्यात दगडाचं पीठ, तांदळाच्या धुवणासारखं, तळ दिसतच नाही. आत धोंडे गडगडतात ते इथवर ऐकू येतं.

पट्टीवर आता पावणेपाच फूट. त्याचा पिवळा रेनकोट दिसतोय. बेट तुमच्या गॅलरीएवढं उरलंय. रेडिओवर कॅम्पचा साहेब ओरडला, एकटा उतरू नकोस, बोट निघालीय. म्हणून थांबलोय.

बोटीत दोर धरायला दुसरा माणूस लागतो, तो मी. आम्ही परत आलो नाही तर सगळे म्हणतील, विनयनेच वेडेपणा केला. तसं नाही. त्याने विचारलं होतं. रागात मी नंतर पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. हे तुला माझ्याच अक्षरात मिळावं म्हणून लिहिलं. तुझं पत्र त्याच्याच खिशात आहे. त्यात 'ये' असेल तर येतो, तुझ्या बाबांसमोर मान खाली घालून उभा राहतो.

इंजिनचा आवाज आला. पत्र चहाच्या डब्याखाली ठेवतोय. अस्वलं शिरतात, म्हणून इथे दार उघडं टाकायचं नसतं. निघालो, दार ओढून घेतोय.

तुझाच,
प्रसन्न