चारशे बाराच्या पुढे

४ जानेवारी २०१६, सोमवार

हरामखोर सर्व्हर! आज पुन्हा पडद्यावर तीच पाटी — ही आवृत्ती चाचणीची आहे, मुदत संपत आली, नवी टाका. क्लासच्या अकराशे पोरापोरींचे मार्क त्या एका डब्यात, आणि त्यावर कच्ची सिस्टीम! फुकट मिळाली म्हणून टाकलेली. "जेबा, नवं ते चांगलं," म्हणाले होते अण्णाराव सर. क्लासचे मालक. फिजिक्स शिकवतात, म्हणून त्यांना वाटतं जगातल्या सगळ्या यंत्रांशी आपली सोयरीक आहे.

आता म्हणतात, काही न पुसता जुनीवरच नवी चढव. शनिवारच्या टेस्टआधी. मी म्हटलं, अवघड हाय. "अगं, मी किल्लारीच्या भूकंपातून निघालो. तू डब्याला भ्यायलीस?" कुठलीही अडचण सांगा, सर भूकंप काढतात.

५ जानेवारी

चढत न्हाई. "फाइली ठेवा" हा पर्याय करडा पडलाय, दाबला जात नाही. "काहीच ठेवू नका" तेवढा जिवंत! दुपारभर शोधलं. जुनी अमेरिकेच्या इंग्रजीत, नवी विलायतेच्या. लातुरात बसून माझी इंग्रजी कुठल्या गावची, हे मशीन विचारून राहिलंय!

६ जानेवारी

अमेरिकेची उतरवली. एकाहत्तर टक्के गेली. मग — "पूर्वीची आवृत्ती परत आणत आहोत." तीन तास गेले, आणि होते तिथंच! लई शिव्या आल्या. गिळल्या. नळाला पंधरा दिवस पाणी नाही, चूळ भरायची कशानं?

७ जानेवारी

चढली!!

८ जानेवारी

चढली, पण नेटवर्क कार्ड ओळखत नाही. मार्कांचा प्रोग्राम उघडतच नाही. मार्कांची प्रत मी आधीच डिस्कवर काढलेली, पण ती वाचणार कशात? नेटवर एकानं लिहिलंय — कच्च्यावर कच्ची कधी चढवू नये, कोरी टाकावी. आत्ता सांगतोस होय बाबा!

सर म्हणाले, "हातानं तपासा. आमच्या वेळी कुठं सर्व्हर होता?"

१० जानेवारी, रविवार

टेस्ट काल झाली. आज केमिस्ट्रीच्या शिवगंगा मॅडम आणि मी, दोघीच. एकूण बेरजेला जुने मार्कही लागतात, म्हणून दिवाळीआधीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे काढले. मॅडम वाचतात, मी लिहिते.

"जेबा, नंबर चारशे सदतीस. सिंधु. सहाशे अकरा."

भिंतीवरच्या दिवाळीआधीच्या मार्कांच्या यादीत सिंधुला दोनशे अठ्ठ्याऐंशी आहेत.

मॅडमनी पुढची काढली. चूक. त्याच्या पुढची. चूक. आम्ही मागं मागं गेलो. चारशे बारापर्यंत सगळं बरोबर. तिथून पुढं प्रत्येकाच्या नावावर त्याच्या पुढच्याचे मार्क.

सप्टेंबरात मी अशीच एक कच्ची आवृत्ती चढवली होती. तेव्हा नावं उडाली, म्हणून मी हातानं भरली. चारशे बारावं नाव दोनदा भरलं. मी. मशीननं नव्हे.

याच मार्कांवर दिवाळीनंतर वरच्या पोरांची स्टार बॅच निवडली. सिंधु शेवटच्या तुकडीत गेली. मग हिमायतनगरला घरी गेली, ती आलीच नाही. जायच्या आधी माझ्या टेबलापाशी आली होती. "टीचर, एवढे कमी नसतील हो." मी मान वर न करता म्हटलं, "मशीन चुकत नसतं."

जेवले नाही. अम्मी विचारत होती, काय झालं. 

११ जानेवारी

सरांना सांगितलं. उभ्यानंच. ते आधी ओरडले. मग म्हणाले, बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली, आता हलवाहलव नको, गप राहा.

मी म्हटलं, "मी गप नाही राहणार. काढायचं तर काढून टाका."

सर टेबलावरची धूळ बोटानं पुसू लागले. मग हळू बोलले. हा भूकंप त्यांनी कधीच सांगितला नव्हता. "मदत-छावणीत मेलेल्यांच्या यादीत माझं नाव होतं. कुणीतरी घाईत लिहिलं. दोन दिवस आई माझ्या नावानं रडली. मी सोलापूरच्या दवाखान्यात जिवंत." मग म्हणाले, "यादी मी बदलतो. पोरीकडं तू जा. फोनवर नको सांगू."

१३ जानेवारी, हिमायतनगर

सिंधु दारातच ज्वारी पाखडत होती. मी उत्तरपत्रिका पुढं केली. चूक माझी होती, एवढंही सांगितलं. माफी मागितली. तिनं सहाशे अकरावरून बोट फिरवलं. वाटलं, रडेल. शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या.

"मग माझे मार्क कोणाला गेले?"

"तुझ्या आधीच्या नंबराला. भुजंगला. स्टार बॅचमध्ये आहे."

"त्याला सांगितलं?"

नाही. तीन दिवसांत त्याचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.