रेवणप्पाचे इष्टलिंग

मी, कल्लप्पा वलद बसलिंगप्पा, वय वर्षे चौतीस, जात लिंगायत, धंदा पूर्वी विमानदलात फिटर आणि हल्ली खोकणे, राहणार चिटगुप्पा, जिल्हा बीदर, लिहून ठेवतो की, डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे माझी छाती पोखरली आहे, डोके शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की काही पाजलेले नाही. मी रागात आहे हे खरे. पण राग म्हणजे वेड नव्हे, एवढे वकिलांना विचारून घेतले आहे.

कलम १. आम्ही तिघे भाऊ. लढाईत तिघेही विमानदलात गेलो. मी विमाने दुरुस्त करायचो, धाकटे दोघे उडायचे. धूळप्पा हैदराबादेत शिकत असतानाच विमानासकट कोसळला. त्याचे मयत लॉरीतून गावी आले आणि आमच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, शेतात समाधी दिली. रेवणप्पा सन चव्वेचाळीसच्या मार्चात आराकानच्या जंगलावर बॉम्ब टाकायला गेला, तो परत आला नाही. त्याचे हाडूकही आले नाही.

कलम २. राहते घर व विहिरीकडील चार एकर जमीन रेवणप्पाची बायको अक्कम्मा हिला द्यावी. आई मल्लव्वा हयात असेतो तिच्याजवळ राहील. मला बायको नाही, मूल नाही, म्हणून भाऊबंदांनी आशेने उंबरठा झिजवू नये. धूळप्पाचे मयत आले तेव्हा खांदा द्यायला यांच्यातले कितीजण होते ते मी मोजले आहे.

कलम ३. माझी अवजारांची पेटी बीदर रस्त्यावर बस दुरुस्त करणाऱ्या श्रीपतरावांना. माझ्या पान्ह्यांनी खिळे ठोकले तर मी भूत होऊन मानगुटीवर बसेन, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

कलम ४. रेवणप्पा बेपत्ता झाल्याचे सरकारी पत्र आले. दुःख छापील आणि नाव तेवढे हाताने भरलेले. ते पत्र राघोबा पाटलांना द्यावे. भरतीच्या वेळी आम्हा तिघांच्या गळ्यात हार घालून त्यांनी स्वतःला सरकारकडून डोक्याला बांधायचा जरीचा मंदिल मिळवला. स्वतःचा मुलगा माळवदावर चढला तरी यांच्या पोटात गोळा येतो. हे पत्र त्यांनी त्या मंदिलाशेजारी टांगावे. माझ्या मयताला येऊ नये.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. आईने आमचे जंगम गुरुपादय्या यांना रेवणप्पाची क्रिया करायला बोलावले. त्यांनी एकच विचारले, "त्याचं लिंग कुठाय?" मी ते माझ्या गळ्यातून काढून दाखवले. रेवणप्पा गेला तेव्हापासून आजवर माझ्या गळ्यात दोन लिंगे आहेत. अय्या म्हणाले, "लिंग अंगावर नसताना मेला, तो भवी, धरमाभायेरचा. भव्याला क्रिया न्हाई. फौजेत जाऊन धरम सोडला तुमच्या पोरानं." चार लोकांत म्हणाले. मग गावाला काय, आयतेच मिळाले. रेवणप्पाने दारूपायी लिंग उतरवले म्हणे, मटणापायी उतरवले म्हणे. अक्कम्मा पाण्याला जायची बंद झाली. आणि मी गप्प बसलो. अय्यांना मी दोन वर्षे मनात शिव्या घातल्या, पण त्या शिव्यांचा खरा धनी मी आहे.

खरे असे घडले. मी रेवणप्पाच्याच तळावर होतो. आराकानला उडायच्या त्या सकाळी विमानातल्या पट्ट्याला घासून रेवणप्पाचा शिवदार, म्हणजे लिंगाची डबी गळ्यात बांधायचा दोरा, तुटला. तो धावत माझ्याकडे आला. "अण्णा, एक गाठ मारून दे की." एक गाठ मारली असती तर भागत होते. पण कशीबशी गाठ मारणे या हातांना कधी पटले नाही. माझी कारागिरी आडवी आली. मी म्हणालो, "ठेव हितं. हवाई छत्रीच्या रेशमी दोरीचा विणून देतो, जलमभर तुटायचा न्हाई. दुपारपस्तोर येतूसच की." त्याने डबी कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. त्याने धर्म सोडला नव्हता, भावाजवळ ठेवायला दिला होता. विमान उडण्यास लायक आहे, अशी सही मीच केली. दुपारपर्यंत दोरा विणून झाला.

हे मी आईला सांगितले नाही. तिच्यापुढे तोंड उघडण्यापेक्षा मला मेलेला भाऊ भवी ठरलेला परवडला. असा मी आहे, हे लिहून ठेवतो.

कलम ६. हे मृत्युपत्र माझे मयत उचलण्याआधी मठात, गुरुपादय्यांसमोर, मोठ्याने वाचावे. मला धूळप्पाशेजारी बसवावे. माझ्या तळहातावर माझ्या लिंगासोबत रेवणप्पाचे लिंग ठेवावे व क्रिया दोघांच्या नावाने करावी. एका हातावर दोन लिंगे चालत नाहीत असे अय्या म्हणतील, तर माझे काढून घ्यावे. कोणीतरी भवी ठरायलाच हवा असेल तर मला ठरवा. त्याचा दोरा मात्र कापू नये.

मुक्काम चिटगुप्पा, मंगळवार, ता. १२ मार्च १९४६, फसली सन १३५५.

सही : कल्लप्पा वलद बसलिंगप्पा

साक्षीदार :
१. ग्यानबा, किराणा दुकानदार, चिटगुप्पा. सही.
२. शिवय्या, शाळामास्तर, चिटगुप्पा. सही.

वरील मजकूर मल्लव्वा, लिहून ठेवणाराची आई, हिला शिवय्या यांनी वाचून दाखवला. निशाणी डावा अंगठा. अंगठा उठवताना ती बोलली ते तिच्या सांगण्यावरून जसेच्या तसे लिहिले आहे : "त्या दोऱ्यावरची तुझ्या हातची वीण बघूनच मला कळलं हुतं, कल्ला. दोन वर्सं कामून गिळून बसलास?"